तीन हजार अक्षरांत रान्वेग

१

आमची घरं दोन, पण पत्र्याचं छप्पर एक आणि मधली भिंतही एक. लाकडाची, आणि इतकी पातळ की पलीकडे तोर्फीनं कॉफीत साखर ढवळली तर मला चमच्याचे फेरे मोजता येतात. सव्वीस वर्षं मी ते मोजत आलेय. गावात मला चौकस म्हणतात. माझा नवरा स्टेनार याहून वाईट शब्द वापरतो, पण तो तीन-तीन आठवडे मासेमारीच्या बोटीवर असतो. मी शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला आहे. उरलेल्या वेळात मला सोबत भिंतीची.

त्या भिंतीतून रोज तीसेक वेळा एकच प्रश्न यायचा. रान्वेग, म्हणजे तोर्फीची बायको, कुठल्या तरी खोलीतून विचारायची, "तोर्फी, आहेस का?" आणि तो दुसऱ्या खोलीतून म्हणायचा, "आहे." बस, एवढंच. एकेचाळीस वर्षांपूर्वी वादळात तोर्फीची बोट दोन दिवस बेपत्ता होती, रेडिओ बंद पडला होता. तिसऱ्या दिवशी तो खाडीकाठच्या रस्त्यानं चालत घरी आला, दाढीत बर्फ घेऊन. तेव्हापासून ती विचारायला लागली. भांडी घासताना विचारायची, परसात भाजी कापताना विचारायची.

एकदा मी त्याला म्हटलं, "अरे, जरा नीट सांगावं माणसानं. इथे आहे, तिथे आहे, हे करतोय."

"वेडी आहेस का पेत्रीना," तो म्हणाला. "कुठे ते कळलं की ती येते. येते, शेजारी बसते, आणि मग उठत नाही. माझा अख्खा दिवस जातो."

"ऐकू येतंय मला," रान्वेग आतून म्हणाली.

"म्हणूनच बोललो."

"आहेस का पण?"

"आहे."

आम्ही तिघंही हसलो होतो. हे आधी सांगून ठेवते, कारण पुढे मला ते आठवायला हवं होतं, आणि आठवलं नाही.

रान्वेग मे महिन्याच्या शेवटी हॉस्पिटलात गेली. हृदय थकलं होतं. अंत्यविधी जूनच्या दुसऱ्या शनिवारी ठरला.

२

त्या आठवड्यातल्या सोमवारी तोर्फी कॉफीचा थर्मास काखेत आणि लॅपटॉप छातीशी धरून माझ्या दारात उभा राहिला. एकोणऐंशी वर्षांचा माणूस, पण शाळेत पट्टी हरवलेल्या पोरासारखा चेहरा.

"तू महिला मंडळाचं पत्रक काढतेस ना? मग हे काप."

रान्वेगवरचा लेख होता. अंत्यविधीच्या दिवशी पेपरात नवऱ्याचा लेख नसला तर आमच्याकडे लोक कॉफीला बसल्यावर तेच बोलतात. पेपरवाले तीन हजार अक्षरं घेतात, आणि बुधवारी दुपारी बाराच्या आत. तोर्फीनं दोन बोटांनी चौदा पानं लिहिली होती.

मी ती वाचली आणि खोटं कशाला बोलू, रडले. माणसं मृत्युलेखात लिहितात की ती कष्टाळू होती, हातचं विणकाम मऊ होतं. ह्यानं सगळंच लिहिलं होतं. तिचे हात कायम भरलेले, म्हणून ती न्हाणीघराचं दार पायानं ढकलायची आणि पायानंच लावायची, दाराच्या तळाशी रंग उडालाय. भांडी घासताना एकाच स्तोत्राच्या दोन ओळी गुणगुणायची, तिसरी कधीच नाही. एका वर्षी त्यानं न विचारता बोट विकली तेव्हा तीन आठवडे बोलली नव्हती, फक्त "आहेस का" तेवढं चालू ठेवलं होतं. आणि अर्थात, तो प्रश्न. त्यावरच अडीच पानं होती.

"तोर्फी," मी म्हटलं, "हे सगळं लोकांनी वाचायचं का?"

"मग काय कापायचं?"

"दार काप. स्तोत्र काप. आणि हा प्रश्न... लोकांना वाटेल बाईच्या डोक्यात काही होतं."

"होतंच," तो म्हणाला. मग खिडकीतून खाडीकडे बघत बसला. "काप."

फाइल बारीक कशी ठेवायची हे मी ग्रंथालयातल्या वर्गात शिकलेय. आपण खोडलं तरी मजकूर जात नाही, बदलांची नोंद चालू असेल तर तो आतच दडून बसतो आणि फाइल फुगत जाते. सगळे बदल पक्के करायचे, टिपणं काढून टाकायची, आणि एका कामाची एकच फाइल ठेवायची, दहा नावांच्या दहा नाहीत. हा नियम मी इमानानं पाळते. शिकवणारी मात्र शेवटच्या दिवशी म्हणाली होती, "पेत्रीना, तुझं पत्रक बारीक व्हायचं असेल तर आधी तू थोडक्यात बोलायला शिक."

सोमवारी आम्ही चौदाची पाच पानं केली. खोडलेलं सगळं लाल रंगात, आडवी रेघ मारलेलं, आणि शेजारी नाव येत होतं: रान्वेग. त्यात नवल नव्हतं. लॅपटॉप तिचाच होता, विणकामाचे नमुने ठेवायला घेतलेला.

संध्याकाळी बंद करताना मी सवयीनं आकार बघितला. सकाळी अर्धा एमबी होता. आता चार. एकही फोटो नव्हता त्यात.

३

मंगळवारी सकाळी तोर्फी नेहमीसारखा तरणतलावाच्या गरम कुंडात म्हाताऱ्यांबरोबर बसायला गेला. मी खिडकीतून त्याला जाताना पाहिलं. आत्ता शाळेला उन्हाळ्याची सुट्टी आहे, मला दुसरं काम नाही.

अर्ध्या तासानं पलीकडे न्हाणीघराचं दार लागलं. हातानं लावलेलं दार आणि पायानं लावलेलं दार, दोन्हींचे आवाज वेगळे असतात. पायाचा आवाज खालून येतो.

वारा असेल, असं मी मनाशी म्हटलं. बाहेर खाडी काचेसारखी सपाट होती. जूनचं ऊन, जे आमच्याकडे रात्रीही मावळत नाही, भिंतीवर स्वच्छ पडलं होतं. म्हणून मग म्हटलं, लाकूड उन्हानं तडकतंय. जुनं घर आहे.

मी कान भिंतीला लावला. हो, लावला. पाण्याचा आवाज नव्हता, भांड्यांचा नव्हता. पण कोणीतरी गुणगुणत होतं. एक ओळ. दुसरी ओळ. मग थांबायचं, आणि परत पहिली.

तिसरी ओळ यावी म्हणून मी श्वास धरून उभी राहिले. ती आली असती तर रेडिओ आहे असं म्हणता आलं असतं. ती आली नाही.

मग मी हिशेब लावला, म्हणजे लावायचा नव्हता तरी लागला. काल मी दार आधी कापलं होतं आणि स्तोत्र नंतर.

४

दुपारी तीनला मी क्लेनुर, म्हणजे आमच्याकडचं पीळ दिलेलं गोड पक्वान्न, तळून घेऊन गेले. तोर्फी स्वयंपाकघरात लॅपटॉपसमोर बसला होता आणि काहीतरी टाइप करत होता. दोन बोटांनी, एक-एक अक्षर. मला बघून थांबला नाही.

मी त्याच्या खांद्यावरून बघितलं. तेवढं मी करतेच.

लेखाच्या समासात पिवळ्या चौकटी होत्या, टिपणं लिहायला असतात तशा. आदल्या दिवशी एकही नव्हती. प्रत्येक चौकटीवर रान्वेगचं नाव, वेळ, आणि खाली दोनच शब्द: "आहेस का?" आणि प्रत्येक प्रश्नाखाली त्याचं उत्तर: "आहे." मी मोजल्या. एकेचाळीस होत्या.

"तोर्फी, हे तू लिहिलंस?"

"उत्तरं मी लिहिली."

"आणि प्रश्न?"

त्यानं क्लेनुर कॉफीत बुडवलं आणि ते मऊ होऊन तुटेपर्यंत धरून ठेवलं. "तू दार कापलंस, दार वाजायला लागलं. तू ऐकलंयस. तुला ऐकू आलं नसेल असं तर मी मानणारच नाही."

मी क्लेनुरांची बशी त्याच्याकडे सरकवली. तेच उत्तर होतं.

"प्रश्न कापल्यापासून प्रश्न येतो," तो म्हणाला. "इथे येतो, चौकटीत. मी लिहितो, आहे. मग अर्धा तास शांत. चाळीस वर्षं दिलं उत्तर, आता देईन तेवढ्यात काय झिजतो."

"आणि नाही दिलं तर?"

"तर ती शोधत येईल. ती येते, पेत्रीना. तुला माहितेय."

"कोण येते? रान्वेग प्रेतगृहात आहे. मी स्वतः तिचे मोजे दिलेत तिकडे, राखाडी, टाचेला लाल रफू केलेले."

"ती आहेच तिथे. गोडगोड तीन हजार अक्षरांतली रान्वेग तिथे आहे." त्यानं लॅपटॉपवर हात ठेवला, जनावराच्या पाठीवर ठेवावा तसा. "उरलेली इथे आहे. लेख हवा तेवढा काप. ही टिपणं राहू दे. कबूल?"

"कबूल," मी म्हटलं.

मी त्या वेळी मनात काय म्हणत होते ते सांगते. मला वाटलं, दुःखानं माणूस असा होतो. प्रश्नही स्वतःच लिहितो आणि विसरतो. सालोमे, त्याची मुलगी, शुक्रवारी नॉर्वेहून येणार होती. ती आली की बोलू, डॉक्टरांना दाखवू. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि अजून एक क्लेनुर दिलं.

माझ्या डोळ्यांसमोर बेचाळिसावी चौकट उघडली. तोर्फीची दोन्ही बोटं त्या वेळी क्लेनुरावर होती.

कॉम्प्युटर जुना आहे, मी मनाशी म्हटलं. उशिरा दाखवतो.

५

बुधवारी अकराला तोर्फी पाद्रीबाईंकडे स्तोत्रं ठरवायला गेला आणि जाताना मला म्हणाला, "लेख पाठवून दे. दार उघडंच आहे."

मी त्याच्या स्वयंपाकघरात बसले आणि शेवटची काटछाट केली. तीन हजार अक्षरं, रिकाम्या जागा धरून, बरोब्बर. पेपरच्या वेबसाइटवर चढवायला गेले तर तिनं फाइल नाकारली. फाइल फार मोठी आहे. सात एमबी झाले होते. दीड पानाचे सात एमबी.

अकरा पस्तीस. समासात पिवळ्या चौकटींची रांग पडद्याच्या बाहेर खालपर्यंत गेली होती. पेपरातल्या कुणा अनोळखी पोरीनं हे उघडून बघावं आणि म्हाताऱ्यावर हसावं, हे मला सहन झालं नसतं. म्हणून मी ठरवलं की पेपरला स्वच्छ फाइल पाठवायची आणि मूळ फाइल तोर्फीसाठी तशीच ठेवायची. मी तसं ठरवलं होतं. यावर कोणी विश्वास ठेवो न ठेवो.

सगळे बदल पक्के केले. सगळी टिपणं काढली. आणि मग माझ्या हातानं, जो बारा वर्षं मंडळाचं पत्रक काढतोय, त्याच नावानं सेव्ह केलं. यंत्रानं विचारलं, याच नावाची फाइल आहे, तिच्या जागी ठेवू का? मी हो म्हटलं. एका कामाची एकच फाइल. वर कचरापेटीही रिकामी केली, कारण पेटीतलं सामानही जागा खातं.

आकार बघितला. एकोणीस केबी. मला खरंच आनंद झाला.

मग कळलं.

तोर्फीसाठी ठेवायची मूळ फाइल राहिलीच नव्हती. घरात चिटपाखरू नव्हतं. फ्रिजची घरघर सुद्धा थांबली होती. मग मी फाइल पेन ड्राइव्हवर घेतली, घरी धावले आणि माझ्या कॉम्प्युटरवरून पाठवली. अकरा त्रेपन्न. पोचल्याची पावती आली.

तोर्फी परत आल्यावर भिंतीतून मला त्याची पावलं, मग खुर्ची, मग लॅपटॉप उघडल्याचा टक आवाज ऐकू आला. मी सांगायला जाणार होते. चपला पायात घातल्या, काढल्या. माणसाच्या आयुष्यातल्या सगळ्या बातम्या घरोघर नेणारी मी, ही एक नेऊ शकले नाही. भिंतीपलीकडून काही बोलणंही आलं नाही. चमच्याचे फेरेसुद्धा आले नाहीत.

६

गुरुवारी तीनला मी गेलेच. थर्मास टेबलावर होता, कप भरलेला, वाफ निघत होती. तोर्फी नव्हता. लॅपटॉप उघडा होता, लेख समोर. समास पांढराशुभ्र.

"तोर्फी?" मी हाक मारली.

न्हाणीघराचं दार उघडलं. खालून.

मी मधल्या बोळात उभी होते. बोळाच्या टोकाला खिडकी आहे, तिच्यातून ऊन इतकं येत होतं की जमिनीवरची धूळ दिसत होती. दोन ओळी ऐकू आल्या. मग विचारलं गेलं. आवाज तिचाच होता, जरासा नाकातून, घाई नसलेला.

"तोर्फी, आहेस का?"

"आहे," कोटांमागून कोणीतरी म्हणालं.

दाराजवळच्या खुंट्यांवरचे कोट मी बाजूला केले. तो भिंतीला पाठ लावून उभा होता, ओठ पांढरे पडलेले. "मघापासून म्हणतोय," तो कुजबुजला. "तोंडानं म्हणतोय, आहे, आहे. तिला पोचत नाही. काय केलंस तू?"

"मी ठेवणार होते..."

"माझी उत्तरं कुठे आहेत, पेत्रीना?"

"आहेस का?" या वेळी बैठकीच्या खोलीतून. म्हणजे न्हाणीघर बघून झालं होतं.

"आहे," तो मोठ्यानं म्हणाला. गळ्याच्या शिरा दिसल्या.

"आहेस का?" स्वयंपाकघरातून. मी आत्ताच तिथून आले होते.

मी त्याचा हात धरला आणि आम्ही बाहेर पडलो, तो मोज्यांवर, मी त्याच्या चपला हातात घेऊन. चार पायऱ्या उतरलो, चार चढलो, माझं दार लावलं. कुलूप कधी लावत नाही आम्ही इकडे. मला किल्ली सापडली नाही.

७

मी त्याला टेबलाशी बसवलं, कॉफी ओतली. भिंतीतून ऐकू येत होतं: कपाटं, माळ्याची शिडी, परसदार. प्रत्येक ठिकाणी तोच प्रश्न. मग सुरुवातीपासून परत. आता प्रश्नांत मधे अंतर राहिलं नव्हतं.

"फाइल आहे माझ्याकडे," मी म्हटलं. "इथे आहे. ह्यात उत्तर लिहू."

माझ्या कॉम्प्युटरवर तो लेख उघडला. एकोणीस केबी नव्हती. पेन ड्राइव्हवर जागा राहिली नव्हती इतकी ती फुगली होती. समासात एकच चौकट. रान्वेग. "आहेस का?"

तोर्फी उठत होता. "थांब, मला लिहू दे," तो म्हणाला. पण त्याला दोन बोटांनी किती वेळ लागला असता, आणि पलीकडे परसदार परत वाजलं, आणि मी भराभर टाइप करते. बारा वर्षं करतेय. मी उत्तर लिहिलं आणि पाठवायचं बटण दाबलं.

शांत झालं. भिंतीपलीकडे सगळंच थांबलं, आवाज अर्ध्यात तुटावा तसं. मी खुर्चीत मागे टेकले. मला हसू येत होतं, भीती ओसरताना येतं तसलं.

तोर्फी माझ्या खांद्यावरून वाचत होता. पहिल्यांदाच त्यानं माझ्या खांद्यावरून काही वाचलं असेल.

मी लिहिलं होतं: "आहे गं बाई, काळजी नको करू, इथे माझ्याकडेच बसलाय, स्वयंपाकघरात, कॉफी पितोय."

"एक शब्द," तो म्हणाला. रागावला नव्हता. तेच मला सहन झालं नाही. "तिनं आहेस का विचारलं होतं, पेत्रीना. कुठे ते नव्हतं विचारलं."

माझ्या घराच्या पायऱ्या चार आहेत. मी चारही मोजल्या. दाराला कोणी हात लावला नाही. दार खालून ढकललं गेलं, आणि बोळातल्या उन्हात मला आधी पाय दिसला. राखाडी मोजा. टाचेला लाल रफू.

वर बघायला हवं होतं. आयुष्यभर मी वर बघितलंय, पडद्याआडून, काचेवर नाक लावून. त्या दिवशी मी टेबलावरच्या मेणकापडाच्या चौकड्या बघत राहिले.

तोर्फीनं माझ्या फडताळातून तिसरा कप काढला. "दांडी असलेला लागतो," तो हळूच म्हणाला, "बिनदांडीचा तिला चालत नाही." मग शेजारची खुर्ची मागे ओढली.

८

शनिवारी चर्च भरलं होतं. लेख पेपरात आला होता, सगळ्यांनी वाचला होता. किती सुरेख लिहिलंय म्हणाले, एक शब्द जास्त नाही. धुक्यामुळे शुक्रवारचं विमान रद्द झालं, म्हणून सालोमे थेट विमानतळावरून चर्चमध्ये आली, बॅग हातात घेऊन. पहिल्या बाकावर तिच्या शेजारची जागा रिकामी होती.

मी गुरुवारपासून स्वयंपाकघरात गेलेले नाही. दार लोटून घेतलंय. आत कपांचा आवाज होतो. दोन ओळींचं गुणगुणणं होतं. तो एकदाही उठलेला नाही, मी ऐकलंय. काल दुपारपर्यंत मी दाराबाहेरून विचारत होते, "तोर्फी, आहेस का?" तोपर्यंत तो म्हणत होता.

अंत्यविधीनंतर सालोमेनं मला चर्चच्या दारात गाठलं. चेहरा पांढरा, मिठी मारायला हात पुढे केलेले, ते तसेच राहिले.

"पेत्रीना, बाबा कुठे आहे?"

तिला सगळं माझ्याकडूनच कळतं, लहानपणापासून. मला सांगावंसं वाटत होतं. सगळं, पहिल्यापासून, कपाच्या दांडीसकट. सांगितलं असतं तर ती आली असती. आली असती, शेजारी बसली असती, आणि मग उठली नसती.

"आहे," मी म्हटलं, आणि ओठ घट्ट मिटून घेतले.